बांधावरचं खोकड, मुळाशी बुरशी

धनकुंवरबाई लग्न होऊन चोपड्याला आल्या तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या आणि विधवा झाल्या तेव्हा सव्वीस वर्षांच्या. त्यानंतर त्यांनी जे काही केलं ते चोपड्यातल्या निम्म्या लोकांना पटलं नाही, उरलेल्या निम्म्यांना समजलं नाही.

त्यांचं माहेर धुळ्याचं. वडील भिकमचंदजी यांचं आग्रा रोडला कापडाचं दुकान होतं. घराणं मूळ मारवाडातलं, पण तीन पिढ्या खानदेशात गेलेल्या. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी, शाळेत मराठी. "म्हणून तिला तिन्ही भाषांत भांडता येतं," असं माझी आई म्हणायची. आमचं घर त्यांच्या सासरच्या घराला लागून होतं, मधली भिंत एकच. मी त्यांना काकी म्हणत असे.

काकींचे यजमान पुखराज. त्यांचं दुकानात मन रमत नसे. चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी सातपाणी नावाचं गाव आहे, तिथे त्यांनी जमीन घेतली, विहीर खोदली. त्यांच्या जैन समाजात शेती करणं कमीपणाचं नव्हे, पापाचं समजत. नांगर चालला की मातीतले जीव मरतात, म्हणून व्यापार बरा. पुखराजकाकांचे चुलते इंदरचंदजी हे घरातले कर्ते. त्यांनी पुष्कळ समजावलं, पण पुखराजकाकांनी ऐकलं नाही. गावात वीज आली तशी त्यांनी विहिरीवर मोटर बसवली आणि त्याच वर्षी विषमज्वराने ते गेले. ते साल पासष्ट.

रीतीप्रमाणे काकी वर्षभर घरातल्या एका खोलीत बसल्या. वर्ष संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओढणी सारखी करून सातपाणीच्या एसटीला निघाल्या.

इंदरचंदजी दारातच उभे होते. चुलतसासऱ्याशी सुनेने, म्हणजे बिनणीने, थेट बोलायचं नाही, मध्ये कुणीतरी लागतं. त्या दिवशी माझी आई लोणच्याची बरणी परत द्यायला गेली होती, ती सापडली.

"बिनणीला सांगा," इंदरचंदजी आईकडे बघत म्हणाले, "आपल्या घरातल्या बायका वावरात जात नाहीत."

"काकाजींना सांगा," घुंगटातून उत्तर आलं, "आपल्या घरातले पुरुषही जात नव्हते. हे गेले. आता मी जाते."

"जमीन विकायची ठरली आहे म्हणावं."

"जमीन माझ्या नावावर आहे म्हणावं."

आईला दोघांचं सांगायला वेळच मिळाला नाही. काकी तिच्या बाजूने निघून गेल्या. बरणी हातात धरून आई तशीच उभी.

सातपाणीला जीवराम आणि त्याची बायको मंदाबाई वाट्याने ती जमीन करत होते. वावरातच कुडाचं घर बांधून राहायचे. जीवराम अबोल, आणि भाऊबंदांना भिऊन असणारा. मंदाबाई तशी नव्हती. शेठाणी येऊन हुकूम सोडेल या अपेक्षेने ती पहिल्या दिवशी तोंड फिरवून बसली. काकींनी पायातल्या चपला काढल्या, पदर खोचला आणि विचारलं, "निंदायला कुठून सुरुवात करायची?" मग मंदाबाईने तोंड वळवलं.

त्या वावराच्या उत्तरेचा बांध रुंद होता. त्यावर बोरी, हिवर, आणि मुरमाड उंचवटा. त्या उंचवट्यात बिळं होती. पहिल्याच हिवाळ्यात काकींना तिथे एक जनावर दिसलं. मांजरापेक्षा जरा मोठं, मातकट रंगाचं, झुपकेदार शेपटी आणि शेपटीचं टोक काळं. ते बोरीखाली पडलेली बोरं खात होतं. काकींना पाहून ते पळालं नाही. कान टवकारले, एक बोर तोंडात घेतलं आणि निवांत बिळात गेलं.

"मंदाबाई, कोल्हा!"

"कोल्हा नही बाई, खोकड शे. कोल्हा मोठा ऱ्हास. हाई बिचारं उंदरं खास, किडा खास, बोरं खास." मग जरा थांबून म्हणाली, "शेंगाबी खास. खोटं कसाले सांगू?"

नर-मादीची जोडी होती. दर वर्षी माघ-फाल्गुनात बिळात पिल्लं व्हायची आणि चैत्रात ती संध्याकाळच्या उन्हात बाहेर येऊन एकमेकांच्या शेपट्या ओढायची. काकी शेवटची एसटी गाठायच्या आधी थोडा वेळ ते बघत बसत. घरी आल्यावर मला सांगत. त्यांना मूलबाळ नव्हतं. पण त्या पिल्लांबद्दल त्या कधी हळवं होऊन बोलल्या नाहीत. "आज एकाने बेडूक धरला आणि भिऊन सोडून दिला," असं सांगायच्या आणि पोट धरून हसायच्या.

एकोणसत्तर सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. विजेच्या मोटरी आल्यापासून सातपाणीत उन्हाळी भुईमूग होऊ लागला होता. पाणी हाताशी आलं म्हणून सगळ्यांनी दिलं आणि पुन्हा दिलं. त्या वर्षी पीक फुलावर आलं आणि मध्येच सुकायला लागलं. आज इथे चार झाडं मान टाकत, चार दिवसांनी तिथे खाटेएवढी जागा पिवळी पडे. काकींच्या वावरात, शेजारच्या अभिमनच्या वावरात, त्याच्या पलीकडेही. आणि नेमकं त्याच वाळक्या जागांत कुणीतरी पंजांनी उकरलेलं दिसे.

अभिमन हा जीवरामचा चुलतभाऊ. गावात त्याचा शब्द चाले. मेहनती माणूस, पण राग नाकावर. त्याच्या दोन कोंबड्याही त्याच महिन्यात गेल्या होत्या. त्याने उकरलेली माती पाहिली, पायांचे ठसे पाहिले आणि निकाल देऊन टाकला.

सगळा गाव काय म्हणतो ते जीवरामने खाली बघत काकींना सांगितलं, "बाई, बठ्ठा गाव म्हणस, खोकडनी वावर उकरी टाकं. मुळं मोकळी व्हतस म्हणीसन झाड वाळस. आते बठ्ठा बांधवर विष ठेवतीन. आपला बांधवर आधी. बीळ तठेच शे."

"आपल्या बांधावर आपल्याला न विचारता?"

जीवराम टोपली उचलून मोटरीकडे वळला.

काकी उठल्या आणि सरळ वाळक्या जागेत गेल्या. मंदाबाई मागोमाग. एक झाड धरून ओढलं, ते मुळांसकट न येता जमिनीलगत तुटून हातात आलं. दुसरं ओढलं, तेही तसंच. मग खुरप्याने हळूच माती बाजूला केली. खोडाभोवती मातीलगत पांढरं जाळं पसरलेलं होतं, कापूस पिंजल्यासारखं, आणि त्या जाळ्यात मोहरीएवढे दाणे. काही पांढरे, काही तांबूस. जिथे खोकडाने उकरलं नव्हतं तिथलं झाडही काढून पाहिलं. तिथेही तेच. उकरलेल्या जागी मात्र मातीत हुमणीच्या अळ्यांचे तुकडे होते. खोकड अळ्या खायला आलं होतं, झाड आधीच मेलं होतं.

"बुरा शे हाऊ," मंदाबाई म्हणाली. बुरा म्हणजे बुरशी.

काकींनी हात मागे घेतला. लहानपणापासूनची सवय होती ती. पापडावर, लोणच्यावर, भिंतीच्या ओलीवर जे उगवतं त्याला त्यांच्या घरात लीलण-फूलण म्हणत. त्याला धक्का लावायचा नाही, त्यावर पाय द्यायचा नाही. सुईच्या टोकावर मावेल एवढ्या बुरशीत अनंत जीव असतात, असं त्यांच्या आईने शिकवलेलं. धुळ्याच्या घरात पावसाळ्यात न्हाणीच्या दगडावर शेवाळ आलं की सगळे त्या दगडाला वळसा घालून जात.

ते झाड ओल्या फडक्यात गुंडाळून त्या चोपड्याला घेऊन आल्या आणि शेतकी खात्याच्या अधिकाऱ्याकडे गेल्या. त्याने झाड पाहताच ओळखलं. ही मातीतली बुरशी, म्हणाला. अर्धवट कुजलेला पालापाचोळा आणि उबदार ओल मिळाली की वाढते. औषध मारून फारसा उपयोग नाही. रोगट झाडं मुळासकट काढायची, आजूबाजूची वीतभर मातीही काढायची, बांधाबाहेर नेऊन जाळायचं, पाणी तोडायचं. उन्हाळा संपायच्या आत खोल नांगरट करायची आणि पुढची दोन वर्षं त्या जागी भुईमूग न घेता ज्वारी घ्यायची.

"जाळायचंच?" काकींनी विचारलं.

"ते दाणे दिसतात ना? ते बीज आहे. मातीत वर्षानुवर्षं टिकतं. नाही जाळलं तर सगळं वावर जाईल."

दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर गावातली माणसं जमली होती. काकी तिथे गेल्या. मारवाड्याची विधवा बाई पारासमोर उभी राहते हे गावाने कधी पाहिलं नव्हतं. काही म्हातारे उठून बाजूला झाले. काकींनी फडकं उघडून झाड सगळ्यांना दाखवलं, अधिकाऱ्याने सांगितलेलं सांगितलं. चार माणसांनी वाकून पाहिलं. दोघांनी मान डोलावली. तसा अभिमन पुढे आला.

"शेठाणीबाई, तुम्हना धरममा जीव मारानं पाप शे ना?"

"आहे."

"मंग बुराले जीव नही का?"

"आहे. एका दाण्यात अनंत आहेत."

"तो तुम्ही जाळशात. आनी खोकडले हात लावाना नही! हाई कोनता न्याव शे?"

पारावर हशा पिकला. काकींना तो हशा झोंबला. कारण अभिमन चेष्टा करत असला तरी प्रश्न खोटा नव्हता.

"न्याय तुम्हाला उद्या सांगते," त्या म्हणाल्या. "आज एवढंच सांगते. माझ्या बांधावर विष घेऊन कुणी पाय ठेवायचा नाही."

त्या दिवशी एसटीत आणि घरी आल्यावर त्या तोच विचार करत राहिल्या. पुढे कितीतरी वर्षांनी शेंगा फोडता फोडता त्यांनी मला तो सांगितला. "बघ," त्या म्हणाल्या, "खोकडाला डोळे आहेत. मी आले की त्याला कळतं. भूक लागली की खातं आणि पोट भरलं की थांबतं. त्याला भीती आहे, घर आहे, पोरं आहेत. बुरशीला ना डोळे, ना पोट. थांबायचं कसं हे तिला माहीतच नाही. पण म्हणून ती दुष्ट आहे असंही नाही. मंदाबाई म्हणाली, बुरा नसता तर झाडांचा पाला जन्मभर तसाच पडून राहिला असता, त्याची माती कशी झाली असती? खरं होतं ते. बुरशीने तिचं काम केलं. खोकडाने त्याचं केलं. ओल आम्ही दिली, पाचोळा आम्ही कुजवला. पण पीक वाचवायचं तर बुरशी जाळावी लागणार होती. खोकडाला मारून एक झाड वाचणार नव्हतं. नुसता राग निवणार होता."

"मग हे त्यांना सांगितलंत?"

"सांगितलं की. दुसऱ्या दिवशी पारावर जाऊन सांगितलं. म्हटलं, अभिमनभाऊ, मी मारणार आहे, पोटासाठी, माझ्या हाताने, आणि त्याचं पाप मी घेणार. तुम्ही मारणार आहात ते रागासाठी, आणि त्याला न्याय म्हणताय. दोन्ही सारखं नाही."

"ते काय म्हणाले?"

"पान थुंकला आणि गेला."

मग काकी, मंदाबाई आणि जीवराम यांनी रोगट झाडं काढायला घेतली. टोपल्या भरभरून माती आणि झाडं माळावर नेऊन ढीग केला. जाळायच्या वेळी जीवराम काडी घेऊन पुढे झाला तर काकींनी ती त्याच्या हातून घेतली. "तू नको. हे माझ्या खात्यावर," म्हणाल्या आणि स्वतः पेटवलं.

ही बातमी चोपड्याला काकींच्या आधी पोचली. इंदरचंदजींनी त्यांना थेट स्थानकात, जैन साधू-साध्वी उतरतात त्या जागी, नेलं. तिथे त्या दिवसांत एक वृद्ध साध्वी, महासतीजी, पायी विहार करत येऊन उतरल्या होत्या. माझी आईही गेली होती, मध्ये बोलायला लागली तर असावी म्हणून. पण तिथे मध्यस्थ लागला नाही.

"महासतीजी, हिने लीलण-फूलण जाळली," इंदरचंदजी म्हणाले. "आणि वर म्हणते, पुन्हा जाळीन. हिला शेती सोडायचा नियम द्या."

महासतीजींनी काकींकडे पाहिलं. "पाप झालं असं वाटतं?"

"वाटतं."

"मग पुन्हा करणार नाही असं म्हण."

"ते कसं म्हणू? पुढल्या वर्षी आली तर पुन्हा जाळावी लागेल. खोटा नियम घेणार नाही."

"ऐकलंत?" इंदरचंदजी म्हणाले.

"ऐकलं," महासतीजी शांतपणे म्हणाल्या. "खोटे नियम घेणारे इथे रोज येतात, इंदरचंदजी. आज एक खरं बोलणारी आली आहे." मग काकींना विचारलं, "काय प्रायश्चित्त घेशील?"

"तीन दिवसांचा उपवास. उकळलेल्या पाण्यावर."

"आणि त्या जनावराचं काय ऐकलं मी?"

"त्याला मारायला येणार आहेत. बिळात पिल्लं आहेत."

"तू काय करणार?"

"आडवी बसणार."

इंदरचंदजी उठून उभे राहिले. "विधवा बाई गावच्या पुरुषांसमोर बिळावर बसणार? आमच्या घराची काय शोभा?"

तेव्हा काकींनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे तोंड करून, कुणालाही मध्ये न घालता उत्तर दिलं. "काकाजी, बुरशी जाळली तर धर्म बुडतो आणि खोकडाला वाचवलं तर शोभा जाते. मग मी करू काय ते एकदाच सांगा."

इंदरचंदजींना राग आला. ते चपला घालून निघून गेले.

उपवासाचा तिसरा दिवस होता. चैत्रातलं ऊन, अंग भाजून निघावं असं. घरच्यांनी जाऊ नको म्हटलं तरी काकी सातपाणीला गेल्याच होत्या. दुपारी अभिमन सात-आठ माणसं घेऊन बांधाकडे आला. बरोबर दोन कुत्री, काठ्या, कडब्याच्या पेंढ्या आणि वाळल्या मिरच्या. बिळात मिरच्यांचा धूर करायचा, जनावर बाहेर आलं की काठ्यांनी मारायचं, असा बेत होता.

काकी मोटरीजवळ सावलीत होत्या. त्यांनी माणसं पाहिली आणि चालत जाऊन मोठ्या बिळाच्या तोंडावर मांडी घालून बसल्या.

"उठा बाई, धूर लागी," एक जण म्हणाला.

"लागू दे."

"शेठाणीबाई," अभिमन हसत म्हणाला, "बीळले एकच तोंड ऱ्हास का? आम्ही तठून धूर करसूत." आणि त्याने पलीकडच्या तोंडाकडे बोट केलं.

काकी एकट्या होत्या. तीन दिवस पोटात अन्न नव्हतं. ओठ सुकलेले. दुसऱ्या तोंडाकडे गेल्या असत्या तर पहिलं मोकळं झालं असतं. त्या जागच्या हलल्या नाहीत, नुसत्या अभिमनकडे बघत राहिल्या. तेवढ्यात मंदाबाई हातातलं खुरपं टाकून आली आणि दुसऱ्या तोंडावर धपकन बसली.

"मी बी बसस," ती म्हणाली. "लाव धूर. तुना भाऊनी बायकोले जाळ."

माणसं एकमेकांकडे पाहू लागली. तिसरं तोंड बोरीच्या मुळाशी होतं. अभिमनने जीवरामला हाक मारली, "जीवराम, तुनी बायकोले उठाड!"

जीवराम थोडा दूर उभा होता. आजवर तो भावापुढे वर मान करून बोललेला कुणी पाहिला नव्हता. तो हळूहळू चालत आला. मंदाबाईला वाटलं आता हा माझा हात धरणार. तिने हात मागे घेतला. जीवराम तिच्याजवळून पुढे गेला आणि बोरीखाली, काट्यांत, तिसऱ्या तोंडावर बसला.

"मी बी अठेच बसनू, अभिमन," तो म्हणाला. 

ते तिघं तसेच बसून राहिले. अभिमन ओरडला, शिव्या दिल्या, काठी जमिनीवर आपटली. कुत्री धापा टाकून सावलीला जाऊन बसली. मग एकेक माणूस काम आठवल्यासारखं करून निघून गेला. ऊन कलल्यावर शेवटी अभिमनही गेला. जाताना म्हणाला, "तुम्हना बांध तुम्हना. मना बांध मना शे."

त्याच्या म्हणण्याचा अर्थ चार दिवसांनी कळला. सकाळी मंदाबाई अभिमनच्या बांधाशेजारून जात होती. तिथे कोंबडीच्या आतड्यांत एन्ड्रिन, पिकावर फवारायचं विष, घालून ठेवलेलं होतं. आजूबाजूला दोन कावळे मरून पडलेले, गावातलं एक कुत्रं, आणि जरा पुढे, आपल्या बिळाकडे तोंड करून पडलेली खोकडाची मादी. तिची आचळं दुधाने भरलेली होती.

काकी आल्या तेव्हा जीवरामने खड्डा खणायला घेतला होता. "थांब," त्या म्हणाल्या. त्यांनी अंगावरची ओढणी काढली. तिच्यात मादीला गुंडाळलं, दोन्ही हातांवर घेतलं आणि उघड्या डोक्याने गावात गेल्या. सकाळची वेळ, पारावर माणसं होती. अभिमनही होता. काकींनी ओढणी पारावर ठेवून उघडली.

 मग एका म्हाताऱ्याने, वाईट हेतूने नव्हे, सुचवलं, "पोट फाडीसन देखूत ना, शेंगा शेतस का. म्हंजे खरंखोटं समजी."

"फाडायचं नाही," काकी म्हणाल्या. "पोटात शेंगा निघाल्या तर? निघतीलही. हिने माझ्या वावरातल्या शेंगा खाल्ल्या आहेत, मी पाहिलं आहे. हिच्या पोटात मूठभर शेंगा निघाल्या तर हिला मारलं ते बरोबर होतं का? ही निर्दोष होती म्हणून मी भांडत नाही. आपलं वावर बुरशीने खाल्लं, आणि बुरशी दिसत नाही, तिला काठी लागत नाही, म्हणून जी दिसली तिला मारलं. हे तुम्ही केलंत. मला एवढंच तोंडावर सांगायचं होतं."

 अभिमन खाली बघत तंबाखू मळत राहिला. काकींनी ओढणी बांधली, मादीला उचललं आणि वावरात नेऊन ओढणीसकट पुरलं. संध्याकाळी मंदाबाईचं जुनं लुगडं डोक्यावरून घेऊन त्या एसटीने घरी आल्या. बाजारपेठेतून तशाच चालत गेल्या. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या इंदरचंदजींनी पाहिलं, पण या खेपेला अडवलं नाही.

पिल्लं मरणार असं सगळ्यांना वाटलं होतं. सगळी वाचली नाहीत. पण नर पळाला नाही. तो उंदीर, सरडे, टोळ तोंडात धरून आणत राहिला. वैशाखात दोन पिल्लं बाहेर फिरताना दिसली. पाऊस पडून गेल्यावर तीही निघून गेली, पुढे ते बीळ ओस पडलं.

काकींचा निम्म्याच्या वर भुईमूग हाती आला. खोल नांगरट केली, दोन वर्षं तिथे ज्वारी घेतली. अभिमनने पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा भुईमूगच लावला आणि त्याचं वावर पुन्हा वाळू लागलं. आता बोट दाखवायला खोकड नव्हतं. एका सकाळी त्याची बायको वच्छलाबाई मोटरीपाशी आली. तिच्या मागे दहा पावलांवर अभिमन, दुसरीकडे बघत.

"बाई," वच्छलाबाईने विचारलं, "तो बुरा जाळतस कसा?"

काकी दोघांकडे बघत राहिल्या. मंदाबाईला वाटलं, आता बाई हाकलून देणार. तिला ते हवंही होतं.

"तुमच्या बांधावर अजून विष आहे?" काकींनी वच्छलाबाईच्या डोक्यावरून अभिमनला विचारलं.

"नही," तो म्हणाला. "मागला सालेच उचली टाकं."

"मग या. पाणी आधी बंद करा."

त्यांनी दोघांना वावरात नेलं आणि झाड कसं काढायचं, माती किती खणायची ते हाताने करून दाखवलं. अभिमनने कधी माफी मागितली नाही आणि काकींनी कधी मागायला लावली नाही. दोघांचं बोलणं पुढेही कामापुरतंच राहिलं.

बहात्तरच्या दुष्काळात विहीर आटली. इंदरचंदजींनी पुन्हा जमिनीचा विषय काढला, काकींनी पुन्हा नाही म्हटलं. त्या वर्षी त्यांनी वावरात काहीच पेरलं नाही, पण रोज जात राहिल्या. पंचाहत्तर सालची एक गोष्ट मला चांगली आठवते, कारण मी त्यांच्या शेजारी बसले होते. बाहेरगावचे एक विद्वान गृहस्थ स्थानकात व्याख्यान द्यायला आले होते. अहिंसेवर बोलता बोलता ते म्हणाले की आपल्या समाजात काही घरं शेतीसारख्या घोर हिंसेत उतरली आहेत, हे लाजिरवाणं आहे. त्यांना कुणीतरी सांगून ठेवलं असणार. बायकांच्या बाजूच्या सगळ्या माना काकींकडे वळल्या.

काकी उठल्या, हात जोडले.

"मी धनकुंवर. ती शेती करणारी मीच. जीव मरतात, मला माहीत आहे, मी दर वर्षी उपवास करते. पण इथे बसलेल्यांपैकी आज सकाळी ज्याने भाकरी, पोळी काहीच खाल्लं नसेल, त्याने मला लाज वाटून घ्यायला सांगावं. मी घेईन."

व्याख्याते थांबले.  काकींनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्या पुन्हा खाली बसल्या, पहिल्या रांगेतच, आणि व्याख्यान संपेपर्यंत उठल्या नाहीत.